पुलाच्या भिंतीवरची मी

मी गुलाबबाय. माहेर शिरवन्याचं, बाप मिठागरावर राबायचा. लगीन होऊन तळवलीला आली तवा इथपासून खाडीपर्यंत नुसतं भात, आता तुमी येताना ते टावर बघितले ना, तिथं आमची खाचरं व्हती. जमीन गेली तवा सासूनं मासळीची टोपली डोक्यावर घेतली, रस्त्याच्या कडंला बसाय लागली, मग तिथं पूल आला तर पुलाच्या भिंतीला पाठ लावून बसली. आयती सावली मिळाली.

तिचा मासे कापाचा ओंडका व्हता, चिंचेचा, मधी खळगा पडलेला. पुढं तिचे हात थकले. तिनं तो ओंडका माझ्या पुढ्यात सरकवला आनि बोलली, बस. बास, तेवढ्यानं जागा माझी जाली. आमच्यात तसंच हाय. आमी चौघी बसायचो, कोन बाळंतीन जाली, कोनाच्या घरी मयत जाली, तर ती ओंडका ठेवून जायची, महिन्यानं आली तरी तिच्या जागेवर कोन टेकायचं नाय. कागद नाय, काय नाय. ओंडका हाय म्हंजे बाई हाय.

मग ती रंगवाली पोर आली. तिला घेऊन आला नरेश. नरेश म्हंजे माझ्या दिराचा पोरगा, त्याची आई लवकर गेली, माझ्या हातचं खाऊन वाढला, आता पुढाऱ्यांच्या मागं फिरतो. काकी, बोलला, शहर सुंदर करताहेत, या भिंतीवर तुझं चित्र काढायचंय, अख्ख्या भिंतीवर, गावाची ओळख राहील. मना लाजच वाटली. पोर चांगली व्हती हो, खोटं कशाला बोलू, माझ्याकडं कोलंबीचं कालवन वरपून खाल्लं, माझे हात बघत बसायची.

मग नरेश बोलला, बांबू बांधायचेत, रंग सांडंल, आठ दिवस उठा. बायका ऐकनात. सखू तर बोलली, आपन उठलो की गेली जागा. मी तिला बोलली, अगं माझा नरेश सांगतोय, आनि ओंडके ठेवू ना तिथंच, त्यांना कोन हात लावतंय? माझ्या शब्दावर उठल्या त्या. काय सांगू तुमाना, माझ्या शब्दावर.

चित्र पुरं जालं तवा बघायला गेली. तीन माळ्यांएवढी मी! नाकात नथ, जी मी मासळी विकताना कधी घातली नाय, टोपलीत पापलेटं, आनि पुढ्यात ओंडका, खळग्यासकट. डोळे भरून आले, सासू आठवली. मग नजर खाली गेली. खाली हिरवळ, कुंड्या, लोखंडी कठडा आनि एक शिपाई उभा. दादा, आमचे ओंडके? तो बोलला, कसले ओंडके, ती लाकडं कचऱ्याच्या डंपरात गेली, आनि हिते मासे विकाचे नाय आता, वास येतो, लोक फोटो काढायला येतात.

तशीच नरेशच्या दारात गेली. बायको बोलली घरात नाय, आनि त्याच्या चपला दारात. दोन दिसांनी गाठला त्याला. बोलला, काकी टेन्शन नको घेऊ, मार्केटात ओटा बघतो. मी विचारलं, तुला म्हायत व्हतं? तो मोबाईलावर बोट फिरवाय लागला. मग बोलला, ते वरून ठरलेलं, पन तू सांगितल्याशिवाय बायका उठल्या नसत्या. असं तोंडावर बोलला तो मना. जागा गेली त्याचं दुख हायच, पन माझं तोंड भिंतीवर लावलं आनि माझ्याच तोंडून माझ्या बायकांना उठवलं, हे काय मी गिळू शकत नाय.

सखू बोलत नाय माझ्याशी. कोनाच्या हळदीला समोरासमोर आली तरी तोंड फिरवते. तिला वाटतं चित्रापायी मीच जागा दिली. तिनं तरी दुसरं काय समजायचं?

आता टोपली घेऊन सोसायट्यांत फिरते, गुडघे बोलतात, वॉचमन गेटावर अडवतो. परवा नरेश आला, गोड आवाज काढून. काकी, मोठे पाहुने येनारेत चित्र बघायला, तू तासभर खाली बस ना, फोटोला, टोपली आन पन रिकामी आन. मी बोलली, माझा ओंडका आनून ठेव, बसते. तो बोलला, आता तो कुठून आनू? मग वरचीचाच काढा फोटो, म्हनलं, तिला वास येत नाय. गेला चहा न पिता. त्याचं वाईट होवो असं माझ्या तोंडून नाय निघत, हाताखाली वाढलाय, सुखी राहो बाबा. पन माझ्या हातचा मासा त्याच्या ताटात नाय पडायचा आता.

पोराचं लगीन केलं औंदा. सून चांगली मिळाली, आपनहून बोलली, आई, मी पन येते टोपली घेऊन. तिच्या पुढ्यात काय सरकवू मी? दोघी पुलाखालून जातो तवा ती मान वर करून बघते, बोलते, आई, तुमच्या ओंडक्याचा खळगा पन काढलाय बघा. मी खाली बघून चालते.