वाटीखालचा फासा

विक्रम: काका, हे तुम्हीच लिहिलंय ना?

रिखबचंद: वाचून दाखव. चष्मा खाली दुकानात राह्यला.

विक्रम: 'गाव बोदवड. वय त्रेसष्ट. प्रश्न पहिला, तुम्ही कोणते खेळ खेळता? उत्तर, काही नाही. प्रश्न दुसरा, आमच्या पॉडकास्टवर काय ऐकायला आवडेल? उत्तर, पुनीतला एक कसा पडतो ते सांगा.' खाली नाव नाही.

रिखबचंद: नाव लिहा असं त्या फॉर्ममधे कुठे व्हतं?

विक्रम: नव्हतं. तीनशेच्या वर लोकांनी भरून पाठवला. सगळ्यांनी अमृतबद्दल विचारलंय, पुनीतबद्दल फक्त तुम्ही. मग मी जळगावहून दुपारची गाडी धरली.

रिखबचंद: फोन लावायचा.

विक्रम: तीनदा लावला. रिंग वाजायच्या आत मीच कापला.

राजकुंवर: आधी खाली टेक रे बेटा. आठ महिन्यांनी आलास. पुनीत होता तेव्हा शेवटी शेवटी दर रविवारी हा जिना चढायचास. मुलगा आमचा गेला, घर तर इथेच आहे ना?

विक्रम: चुकलं, काकी. दोनदा बोदवड स्टेशनावर उतरलो होतो. तिथूनच परत गेलो.

राजकुंवर: पाणी पी. च्या टाकते.

रिखबचंद: विक्रम, मी तुमचे एकसष्ट भाग ऐकले. गिऱ्हाईक नसलं की कानात लावून बसतो. आधी काहीच समजेना. म्हटलं, हे तिघं जण बसून काय बडबड करून राह्यले, आणि लोकं ऐकतात कायले? आता समजते. तू गोष्ट सांगतो. पुनीत आणि ती मुस्कान गोष्टीतली माणसं होतात. पुनीत म्हणजे अमृत, डोक्यावर भांडी घेऊन सातपुड्यात गावोगाव फिरणारा. कुठे अडलं की फासा टाकायचा. दोन ते सहा पडले तर कमी-जास्त निभावून जाते. एक पडला की वाटोळं.

विक्रम: आमच्यापेक्षा सोपं करून सांगितलंत.

रिखबचंद: मग आता तू मले सोपं करून सांग. अमृत गडावरून पडला, पुनीत म्हणाला एक पडला. अमृतची भांडी नदीत गेली, पुनीत म्हणाला एक पडला. असं नऊ वेळा. आणि त्या फाशावर एक नाहीच.

विक्रम: माहीत आहे, काका.

रिखबचंद: तुले माहीत व्हतं?

विक्रम: पहिल्या दिवसापासून. मुस्कानलाही. पुनीतने फासा आणला तेव्हा तिने फिरवून पाहिला. म्हणाली, याच्यावर सहा दोनदा आहे आणि एक कुठेय? मी म्हटलं, काकांकडून चुकून झालं असेल, दुसरा वापरू.

रिखबचंद: चुकून नाही झालं. मी चाळीस वर्षं भांड्यांवर नावं टाकून राह्यलो. रुखवताच्या ताटावर, बारशाच्या वाटीवर. माझं मशीन चुकत नाही. पुनीत पितळेचा ठोकळा कापून घेऊन आला. म्हणे पप्पा, याच्यावर आकडे टाकून द्या. मी विचारलं, एक पडला तर काय होते? तो म्हणे, माझ्या माणसाचं वाईट होते. आता सांग, पोराच्या वाईटाचा आकडा मी माझ्या हाताने कोरू? दोन, तीन, चार, पाच, सहा टाकले. एकाच्या जागेवर हात थांबला. तिथे पुन्हा सहा टाकून दिला.

राजकुंवर: हे मला कधी बोलला नाहीत.

रिखबचंद: त्यालेही नाही बोललो. पाहील, विचारील, असं वाटलं व्हतं. त्यानं विचारलंच नाही.

विक्रम: कारण त्याला कळलं होतं. मी दुसरा फासा आणायचं म्हटलं तर म्हणाला, पप्पांनी केलाय, हाच राहील. मग तिसऱ्या भागात अमृत गडाच्या चोरवाटेने चढत होता. फासा पडला ताटात. मला इकडून दिसत होता, सहा होता. पुनीतने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, एक.

रिखबचंद: म्हणजे खोटं बोलला.

विक्रम: हो. मी तसंच पुढे सांगत गेलो. अमृत पडला, पाय मोडला, आणि ती पाड्यावरची म्हातारी त्याला घरी घेऊन गेली. तो भाग लोकांना सगळ्यात आवडला. नंतर मी विचारलं, असं का केलंस? तर म्हणे, याचं कधी वाईटच झालं नाही तर कोणी याला घरात कशाला घेईल?

रिखबचंद: जिंकायसाठी खोटं बोलणारे दुकानात रोज पाहतो. हरायसाठी बोलणारा पाह्यला नव्हता. माझ्याच घरात व्हता.

राजकुंवर: च्या घे, विक्रम. आणि वर जायचं असेल तर एक ऐक. त्याच्या टेबलावर ताट आहे, ताटात वाटी पालथी आहे. तिला हात लावू नको. मी झाडते तेव्हा ताटाच्या कडेकडेने पुसते.

विक्रम: आठ महिने तशीच आहे?

राजकुंवर: तशीच. त्याने झाकली, ती कोणी उघडायची?

विक्रम: काकी, मी तेच विचारायला आलोय खरं म्हणजे. फॉर्ममध्ये लोकांनी काय लिहिलंय ते सांगतो. धुळ्याची एक नर्स आहे. तिच्याकडे फासे नाहीत, ड्यूटी संपली की औषधांच्या झाकणांवर आकडे लिहून मैत्रिणींबरोबर खेळते. मुक्ताईनगरच्या होस्टेलातली मुलं चिठ्ठ्या उचलतात. फैजपूरचा एक ड्रायव्हर आहे, केळीची गाडी भरेपर्यंत केबिनमध्ये एकटाच खेळतो, दोन्ही बाजूंनी स्वतःच बोलतो. प्रत्येकाचा खेळ वेगळा. पण काय ऐकायचंय, ते सगळ्यांनी एकच लिहिलंय. वाटी उचला.

रिखबचंद: आणि नाही उचलली तर?

विक्रम: काही जण म्हणतात, अमृतचं काम दुसऱ्या कोणाला द्या. एकाने लिहिलंय, पुनीतचे एवढे भाग आहेत, त्यावरून कॉम्प्युटर त्याचा आवाज करून देतो. हुबेहूब.

राजकुंवर: म्हणजे तो मला मम्मी म्हणेल?

विक्रम: म्हणेल, काकी. आपण म्हणायला लावलं की म्हणेल.

राजकुंवर: लावलं की. मग नको.

रिखबचंद: तो शेवटचा भाग मी कितीदा ऐकला, विचारू नको. अमृत सात वर्षांनी बापाच्या दारात उभा. भांडून निघून गेलेला. दार वाजवलं. आणि तू म्हणतो, टाक फासा, एक पडला तर बाप दार उघडणार नाही. ताटात फासा वाजते. आणि पुनीत म्हणते, ती वाटी दे, झाकून ठेवतो, काय पडलं ते पुढच्या वेळी. संपलं. मले वाटलं, लोकांले लटकत ठेवायसाठी केलं असेल. टीव्हीवाले करतात तसं.

विक्रम: तसं नव्हतं, काका.

रिखबचंद: थांब, मले बोलू दे. वाटीखाली काय आहे ते उचलून कळेल. दोन असेल, पाच असेल. एक नसणारच, मी टाकलाच नाही. पण पुनीत काय बोलला असता? ते वाटीखाली नाही. मले तेच पाह्यजे. तो एक म्हणाला असता का?

विक्रम: असं का विचारताय, काका?

रिखबचंद: त्या शेवटच्या भागाच्या आधीचं पर्युषण. तुमचं रेकॉर्डिंग तवा जळगावले चालायचं. तो उशिरा आला. मी आतून विचारलं, कुठे जेवला? म्हणे, पप्पा, भजी खाल्ली, कांद्याची. जैनाच्या घरात, पर्युषणात, दिवस मावळल्यावर, कांदा. खोटं बोलता आलं असतं. तिथे मात्र खरं बोलला. आणि मी कडी काढली नाही.

राजकुंवर: मी पण जागी होते. मी पण उठले नाही. एकटे तुम्हीच नाही.

रिखबचंद: तुले माहीत असेलच, विक्रम. सांगतलं असेल त्यानं.

विक्रम: सांगितलं. सकाळपर्यंत स्टेशनावर बसला होता.

रिखबचंद: काय म्हणाला मले?

विक्रम: शिव्या नाही दिल्या. म्हणाला, पप्पांचा हात कडीवर होता. बाहेरून आवाज येत होता, कडी जरा वर व्हायची, परत खाली. म्हणाला, मी उभा राहून ऐकत होतो.

रिखबचंद: व्हता. हात कडीवरच व्हता.

विक्रम: पुढच्या रविवारपासून त्याने रेकॉर्डिंग इथे आणलं. म्हणाला, जळगावहून यायला उशीर होतो, पप्पा जेवायचे थांबतात.

रिखबचंद: थांबायचो. त्या दिवसानंतर त्याच्याशिवाय बसलो नाही. माफी मागता आली नाही, मग थांबायचो. खालून हाक मारायचो. आलो पप्पा म्हणायचा, आणि यायले दोन मिनिटं लावायचा. महिनाभर असं चाललं. मग तो डेंग्यू. चार दिवसांत आटपलं. दारावरचा हा खेळ त्यानं कायले काढला, ते मले विचारता नाही आलं. म्हणून तुमच्या फॉर्ममधे विचारलं.

विक्रम: तो काय बोलला असता, मला खरंच माहीत नाही, काका. खोटं सांगणार नाही. पण भाग तिथे का थांबला ते माझ्याकडे आहे. मी ते कापलं होतं. बाहेरचे आवाज मी नेहमी कापतो, लोकांना गोष्ट स्वच्छ हवी असते. ऐकवू?

राजकुंवर: त्याचा आवाज आहे त्यात?

विक्रम: त्याचा आहे. आणि काकांचा आहे.

रिखबचंद: लाव.

(विक्रम मोबाइलवर जुनं रेकॉर्डिंग लावतो. पुढचे आवाज त्यातले.)

पुनीत: एक पडला तर बाप दार उघडणार नाही. बरोबर?

विक्रम: एक पडला तरच. टाक.

पुनीत: पडला. थांब, कोणी बघू नका.

रिखबचंद: पुनीत, ये रे. दिवस उतरून राह्यला. मी जेवायचा थांबलो.

पुनीत: आलो पप्पा. मुस्कान, ती वाटी दे इकडे. झाकून ठेवतो.

मुस्कान: अरे, सांगून तर जा. एवढ्यावर कुठे उठतोस? एक मिनिट लागेल.

पुनीत: फासा काय पळून जातो? काय पडलं ते पुढच्या वेळी. पप्पा थांबलेत.

विक्रम: इथे संपलं, काका.

राजकुंवर: परत लाव. आलो पप्पा म्हणतो तिथून.

रिखबचंद: नको. राहू दे. आता एकदा बस झालं.

विक्रम: हे मी कापायला नको होतं.

रिखबचंद: तुझं काम तू केलं. मी तरी काय, हाक मारून खेळ मोडला त्याचा. दोन घास उशिरा खाल्ले असते तर आज कळलं असतं.

राजकुंवर: असं नका म्हणू. हातातलं सोडून आला ना तो? तुम्ही थांबलात म्हणून आला. मला एवढं पुरतं.

रिखबचंद: तुले पुरते. मले अजून ती कडी ऐकू येते.

विक्रम: काका, मग लोकांना काय सांगू? वाटी नाही उचलायची, असं सांगतो. अमृत दाराशीच राहिला, इतकंच.

रिखबचंद: दाराबाहेर ठेवणार त्याले? कायमचा?

विक्रम: मग काय करू?

रिखबचंद: त्या गोष्टीतला बाप कोण बोलणार व्हतं?

विक्रम: मीच. जी माणसं कोणा खेळाडूकडे नाहीत, ती सगळी गोष्ट सांगणारा बोलतो. वाटसरू, पोलिसपाटील, म्हातारी. तसा बाप पण.

रिखबचंद: काय बोलणार व्हता?

विक्रम: ठरवलं नव्हतं. फासा पाहून ठरवतो मी.

राजकुंवर: अहो, ऊन गच्चीवरून उतरलं. ताटं घेतली आहेत. विक्रमचंही घेतलंय.

रिखबचंद: येतो. विक्रम, तुझं ते रेकॉर्डिंग कुठेही होते का? इथे झालं तर चालेल?

विक्रम: मोबाइलवर होईल. पंख्याचा आवाज येईल थोडा.

रिखबचंद: येऊ दे. भांड्यांचा आला तरी कापू नको. बापाचं मी बोलतो.

विक्रम: फाशाशिवाय?

रिखबचंद: फासा पोराने टाकायचा व्हता, त्यानं टाकला. तो तिथेच राहू दे, त्या वाटीखाली. कडी काढायले बापाले फासा नाही लागत. मले हे त्या दिवशी सुचलं पाह्यजे व्हतं.

विक्रम: चालू केलं, काका. अमृत बाहेर उभा आहे. सात वर्षं चालून आलाय. आतून पावलं ऐकू येताहेत. बोला.

रिखबचंद: कडी काढली, बेटा. ये रे आत. काय खाल्लं, कुठे खाल्लं, काही विचारत नाही. दिवस उतरून राह्यला. मी जेवायचा थांबलो.

विक्रम: झालं, काका. बंद करू?

रिखबचंद: दोन मिनिटं राहू दे चालू. त्याले यायले वेळ लागते.