ब्रेकची शिकवणी

…आणि वर हा डार्सी मलाच तोंड वर करून सांगतो काय, तर "नेव्हिल, डबी अजून शिकतेय." शिकतेय! अहो, ब्रेकची डबी ती. ब्रेकनं काय शिकायचंय? पाय दाबला की थांबायचं, उचलला की चालायचं, एवढं आमच्या कुत्र्यालाही कळतं आणि त्याला कुणी शाळेत घातलं नव्हतं. मलाही फारसं घातलं नव्हतं, पण मी थांबतो. ब्रेकला शिकवणी… ऐकलंय कधी?

तुम्हाला सांगतो, मूळ दुखणं काय ते. आमची कॅरॅव्हान. मागे जोडून ओढायचं चाकांवरचं घर. ओढायला माझी जुनी लँडक्रूझर, धूर सोडते पण चढावर माघार घेत नाही. आता एवढं धूड मागे असलं की नुसत्या गाडीच्या ब्रेकवर भागत नाही, कॅरॅव्हानच्या चाकांना स्वतःचे ब्रेक असतात, विजेवर चालणारे, आणि 'आता धर, एवढ्या जोरानं धर' हे त्यांना सांगायला स्टिअरिंगखाली एक डबी असते. जुनी डबी होती विटेएवढी. आत लोलक. गाडी थांबायला लागली की लोलक पुढे झुकायचा, मागचे ब्रेक लागायचे, विषय संपला. चढताउतरताना नडगीवर आपटायची, तेवढं सोडलं तर गुणी बाई.

तर दोन वर्षांमागे नाताळात, आमच्याकडे तो भर उन्हाळ्यात येतो, पठारावरून समुद्राकडे उतरताना, ऐन घाटात तो लोलक अडकला आणि कॅरॅव्हान आम्हाला मागून ढकलायला लागली, मोकाट सुटलेल्या वळूसारखी. बाजूला थेल्मा, माझी बायको. अख्ख्या उतारावर दोन्ही हातांनी दाराची मूठ धरून बसली. खाली पोचल्यावर म्हणाली, "ती डबी बदलल्याशिवाय मी या गाडीत पाय ठेवणार नाही." झालं.

आणि न जाऊन चालतंय का? किनाऱ्यावरच्या कॅरॅव्हान पार्कात आमची जागा आहे. पाइनच्या झाडाखाली, समोर समुद्र, पोरं तिथंच पोहायला शिकली, आता त्यांची पोरं येतात, वर्षातून ती एकदाच दिसतात आणि तीही तिथंच. पण पार्काचा नियम असा की ठरल्या दिवशी दुपारपर्यंत तुमची कॅरॅव्हान जागेवर उभी पाहिजे. नाही दिसली की जागा रांगेतल्या पुढच्याला, कायमची. आणि रांगेत पुढे कोण? सिडनीवाले. दोन-दोन फ्रिज घेऊन येतात, समुद्राकडे पाठ करून टीव्ही बघतात. एक नाताळ चुकला की आम्ही मागे, संडासाच्या भिंतीला. तिथं नातवंडं कशाला येतील हो?

म्हणून गेलो डार्सीकडे. डार्सी म्हणजे गावातला गाड्यांचा इलेक्ट्रिशियन, हाताला बरा, तोंडाला वाईट. डॅशबोर्डखाली उताणा पडला आणि आतून हसायला लागला. मला विचारतो, ही वायर टोस्टरची आहे का? म्हटलं, किटलीची. टोस्टर अजून चालतोय आमचा. त्यावर त्यानं सगळ्या वायरी उपटल्या. माझ्या हातच्या वायरी! पाऊस, धूळ, कांगारू, सगळं सोसलेल्या! आणि नवीन डबी बसवली, ती आत कुठंतरी पडद्याआड, बाहेर दिसतं फक्त एक बटण, कोटाच्या गुंडीएवढं. नव्या गाड्यांत त्याला जागा ठेवलेली असते म्हणे. माझ्या गाडीत नव्हती, तर हा बाबा डॅशबोर्डला भोक पाडून मोकळा. आणि बटणात दिवा. लुकलुक, लुकलुक. म्हटलं, बिघडली? तर तेव्हा म्हणाला ते, शिकतेय म्हणून.

आता शिकतेय काय, तर पुढे कुठं, मागे कुठं, खाली कुठं. जुन्या डबीला हे उपजत कळत होतं, हिला सांगावं लागतं. कॅरॅव्हान जोडायची, सपाट रस्त्यावर जरा वेग घ्यायचा, ब्रेक दाबायचा, पुन्हा निघायचं, पुन्हा दाबायचा, वीसेक वेळा, लुकलुक थांबेपर्यंत. मी डार्सीला सरळ विचारलं, जिला पुढे कुठं ते ठाऊक नाही तिच्या भरवशावर मी बायकोला घेऊन घाट उतरू? हसला. ब्रेकला शिकवणी, आणि मास्तर मी!

बरं, सपाट रस्ता आणायचा कुठून? हायवेवर मधेच थांबलो तर लाकडाचे ट्रक अंगावर येतील. उरला गावातला मोठा रस्ता. आणि आमच्या गावाची रीत अशी की रस्त्यात गाडी थांबली म्हणजे गप्पा मारायच्या आहेत. खिडकीवर कोपर टेकायचं, पावसाचं विचारायचं, मेंढ्यांचं विचारायचं. आता मी थांबलो पोस्टासमोर, पोस्टातला माणूस हसत हसत पायऱ्या उतरून आला, खिडकीपर्यंत पोचला, आणि मी निघालो. काय करणार, दिवा लुकलुकतोय! थोडं पुढे पुन्हा थांबलो, तिथं बेकरीवाली नॉरीन, तिला वाटलं मी खिमा भरलेली पेस्ट्री घ्यायला थांबलो. सॉस घालून, कागदात गुंडाळून बाहेर आली बिचारी. निघालो. पुढे थांबलो. ती पळत आली. निघालो. पुन्हा थांबलो. मी तिला खिडकीतून ओरडून सांगतोय की बाई, तुझ्यासाठी नाही, डबीसाठी थांबतोय! यानं तिला काय बोध व्हायचा? जाताना असं, येताना असं. परतीच्या खेपेला नॉरीन दारात उभी राहून डोळे पुसत होती. आधी वाटलं कांदा चिरत असेल.

आणि नेमकं त्याच आठवड्यात डॉक्टरकडे जायचं होतं. पंचाहत्तरी उलटली की दर वर्षी डॉक्टरनं सही करून द्यावी लागते, तेव्हा गाडी चालवायचा परवाना राहतो. गावातला डॉक्टर पोरगेलासा, शहरातून आलेला, त्याची गाडी आपोआप थांबणारी. माझ्या आधी नॉरीन त्याच्याकडे पोचली होती. काळजीनं हो! काळजीनं जेवढं वाटोळं होतं तेवढं वैरानं होत नाही.

डॉक्टर अगदी हळू आवाजात म्हणाला, "तुम्ही परवा रस्त्यात मधेमधे थांबत होतात?"

"मी नाही, डबीला शिकवत होतो."

"कुठली डबी?"

"आत असते. दिसत नाही. कधी थांबायचं ते मी ठरवतो, किती जोरात ते ती."

खुर्ची जरा जवळ ओढली त्यानं. "ती बोलते का तुमच्याशी?"

"छे हो. डोळे मिचकावते."

तुम्हाला सांगतो, यात एक शब्द खोटा नव्हता. सगळं खरं सांगितलं, म्हणूनच बुडालो. डोकं ठिकाणावर आहे का ते तपासायला त्यानं मला बाराव्या महिन्याचं नाव विचारलं, कागदावर घड्याळाचं चित्र काढायला लावलं, मी चिडून त्याला म्हटलं की घड्याळ भिंतीवर आहे, मान वळव. सही नाही केली. म्हणाला, वाहन परीक्षकासमोर गाडी चालवून दाखवा, मग बघू. परीक्षकाची तारीख कधीची? नाताळानंतरची. डार्सीनं जाऊन डॉक्टरला समजावलं, तर डॉक्टर म्हणाला, तरी एकदा बघितलेलं बरं. आणि डार्सी बाहेर येऊन मला म्हणतो, वीस थांबे नको होते तर बटण फिरवून ब्रेकचा जोर हातानं ठरवायची सोय होतीच की. शिकवायची गरज नव्हती. आधी का नाही सांगितलंस? तर म्हणे, तू विचारलंस कुठं?

मी ओट्यावर बसलो. आत जाऊन पार्काला फोन करून सांगायचं, जागा सोडली म्हणून. नातवंडांना काय सांगायचं ते मला सुचेना. थेल्मा बाहेर आली, हातात किल्ली. "मी चालवते."

तिनं आयुष्यात साधी हातगाडी ओढली नव्हती. पण बसली. घाट आला तसा मी डोळे मिटले. आणि तुम्हाला सांगतो, ती कॅरॅव्हान अशी मागून आली, अशी आली, जशी पाठीमागून कुणी शाल धरून चालावं. ना धक्का, ना ढकलणं. माझ्या शिकवणीचा सगळा फायदा तिला! दुपारच्या आत पाइनखाली उभे. सिडनीवाला फ्रिजला टेकून बघत राहिला. पोरं पाण्यातून ओरडत धावली, ती आधी कुणाकडे? ड्रायव्हरकडे.

परत आल्यावर मी परीक्षकासमोर चालवून दाखवलं. पास. डॉक्टरनं सही केली, हातात हात दिला. कागद नेऊन थेल्मापुढे धरला. तिनं चष्मा लावून सगळा वाचला, म्हणाली, "शाब्बास," आणि जाऊन ड्रायव्हरच्या जागेवर बसली.

आता वर्ष झालं. मी तिच्या शेजारी बसतो, आणि वळण आलं की माझा पाय आपोआप दाबला जातो, जिथं काही नाही तिथं. परवा थेल्मानं माझ्या बाजूला, पायाखाली, जाड रबरी चटई आणून टाकली. जुनीला भोक पडून पत्रा दिसायला लागला होता म्हणे.