रविवारच्या वर्गाची मोठी अक्षरं

नाही काका, चुकून नाही — मुद्दाम केलंय. बसा ना, पंखा लावते. मराठी मंडळाचे चिटणीस सियालदहच्या छापखान्यात जाताजाता माझ्याकडे वाट वाकडी करून आले, म्हणजे स्मरणिकेत काहीतरी भयंकर घडलं असणार! आणि घडलंय काय — तर इंग्रजी पानांवर आमचा रविवारचा मराठी वर्ग कॅपिटल अक्षरांत आलाय. नियम? नियम मीच सांगितला होता तुम्हाला, सहा वर्षं प्रुफं तपासलीत मी — संस्थेचं स्वतःचं नाव असेल तर मोठी अक्षरं, 'कुठलासा एक वर्ग' असं मोघम असेल तर लहान. मग आमचा वर्ग मोघम आहे का? कार्यकारिणी नाही, अध्यक्ष नाही, म्हणून संस्था नाही — असंच ना? महिला शाखेची चार वर्षांत एक बैठक झाली, तीही मसालेभात की पुलाव यावरून मोडली — तिला बरे कॅपिटल!

हसू नका. अहवालात अकरा मुलं लिहिलीत मी — आहेत ना, वहीत आहेत. येतात... म्हणजे परीक्षा, क्रिकेट, गाण्याचा क्लास... बरं, दोन येतात. एक कुणाल आणि दुसरी माझीच मधुरा, तिला यावंच लागतं, वर्ग तिच्याच खोलीत भरतो! ती पहिल्यांदा 'आई, पाणी खायचंय' म्हणाली — बंगालीत खातात हो पाणी — तर मी दुसऱ्याच दिवशी फळा घेऊन आले. तेव्हा काढला हा वर्ग. ती मराठी विसरेल या भीतीपोटी काढला म्हणा हवं तर, कबूल.

आणि मूळ यादीत तो लहान अक्षरांत कोणी लिहिला होता? तुम्ही नाही हो. मीच. सगळ्यांची नावं ऐटीत मोठी केली, आपल्यापाशी आले आणि वाटलं — आपण कोण एवढे लागून गेलो? ते मधुरेनं वाचलं. पहिलीतली पोर, विचारते, 'आई, मिस बोलली नावाला कॅपिटल असतो. आपला वर्ग नाव नाही?' काय सांगू तिला, दोनच मुलं आहेत म्हणून नाही? दोन तर दोन! म्हणून प्रुफात मीच मोठी अक्षरं केली.

नाही, लाल पेन मिळणार नाही. प्रुफावर माझी सही हवी ना छापखान्याला? मग जसं आहे तसंच जाईल, नाहीतर सहीच नाही.

बेल वाजली — कुणाल आला. उठा काका. तुम्ही बसलाय ती त्याची खुर्ची आहे.