गरुडाच्या कोपऱ्यावर

(यांगॉन. श्वेडगॉन पॅगोड्याचं संगमरवरी आवार, दिवस कलताना. गावाहून यात्रेच्या बसनं आलेलं वयस्कर जोडपं: बा मौंग, एकेकाळचा नावाडी, आणि त्याची बायको ओन यिन. सोबत गटाची मार्गदर्शक निन वाई, हातात पिवळं निशाण.)

बा मौंग: ...आता जरा खाली बघ. मान धरेल.

ओन यिन: धरू दे. अहो, एवढं सोनं! वर वर जातंच आहे. हे आपल्या अंगणातून कसं दिसत नाही?

बा मौंग: सकाळी तर शहराला घाबरून माझा सदरा सोडत नव्हतीस.

ओन यिन: मग काय! चौकात चहूकडून गाड्या, त्यात ती गर्दी. आणि इथंही तेवढीच गर्दी, पण सगळी अनवाणी, कुणाचा कुणाला धक्का नाही. हे बघा, काटा आलाय अंगावर.

निन वाई: मावशी, काका, आपापल्या जन्मवाराच्या कोपऱ्यावर, त्या वाराच्या प्राण्यापाशी पाणी घालून घ्या, मग बसकडं निघू. काका गुरुवारचे ना? नावाच्या पहिल्या अक्षरातच आहे. तुमचा उंदीर पश्चिमेला.

ओन यिन: आणि मी रविवारची, गरुडाची. हा काय, समोरच उभी आहे. पेला भरलाय.

निन वाई: फोनवर एकदा बघू का? पंचांग आहे यात. म्हाताऱ्या माणसांचे वार चुकतात हो. आजच आपल्या बसमधल्या एका आजोबांचा चुकीचा निघाला.

ओन यिन: बघ बाई, बघ. नवसाचं पाणी आहे. पुढच्या आठवड्यात यांच्या छातीचं ऑपरेशन आहे, भलत्याच दारी पडायला नको. माझा जन्म दिव्यांच्या पौर्णिमेचा. साल या ओळखपत्रावर आहे.

निन वाई: ...मावशी, त्या साली पौर्णिमा शनिवारी होती.

ओन यिन: काहीतरीच! शनिवारची असते तर आईनं नाव शनिवारच्या अक्षराचं ठेवलं असतं.

बा मौंग: फोनला काय कळतंय? पहाटे झाली असेल, रविवार लागल्यावर.

ओन यिन: नाही हो. सुईण म्हातारी मला नेहमी चिडवायची. आम्ही अंगणात दिवे लावत होतो आणि तू टपकलीस, म्हणायची.

बा मौंग: म्हणजे संध्याकाळी?

ओन यिन: आणि म्हणायची, तुझ्या आईनं तुला रात्रभर शालीखाली छातीशी धरलं, एकदा म्हणून रडू दिलं नाही. मला आपलं वाटायचं, लाडानं.

निन वाई: तुम्ही थोरल्या का?

ओन यिन: पहिलीच.

निन वाई: मग बरोबर. पहिलं मूल शनिवारचं, नागाचं, म्हणजे घराला आग लावणार, म्हणतात. मी शनिवारची आहे, घरात कप फुटला तरी अजून मलाच ऐकवतात.

ओन यिन: म्हणजे कोंबडा आरवून रविवार लागेपर्यंत तिनं मला जन्मूच दिलं नाही. ओली बाळंतीण, रात्रभर टक्क जागी... आई गं! काय बाई होतीस तू!

बा मौंग: रडू नकोस. नाहीतर रड.

ओन यिन: अहो, पण उंदीर आणि नाग! गुरुवार-शनिवार म्हणजे हाडवैर. कळलं असतं तर कुणी लग्न लावलं नसतं आपलं. तुमच्या छातीचं दुखणं माझ्याचमुळं तर...

बा मौंग: वेडी की काय! डॉक्टर काय म्हणाला? हे हृदय इतके दिवस चाललंच कसं, म्हणाला. मला वाटलं, नाव वल्हवून वल्हवून. आता कळलं, नाग राखण करत होता.

ओन यिन: थट्टा नको. भीती वाटते मला.

बा मौंग: मलाही वाटते गं. ऑपरेशनची वाटते. तुझी कधी वाटली नाही.

निन वाई: मावशी, नागाचा कोपरा तिकडं, नैर्ऋत्येला. काकांच्या उंदराला लागूनच.

बा मौंग: लागून? घ्या! म्हणे हाडवैर. चल, आधी तुझा नवस, मग माझं पाणी.

ओन यिन: थांबा. हा पेला इथंच ओतते. तिथं दुसरा भरू.

बा मौंग: आता इथं कशाला? हा तुझा कोपरा नाही.

ओन यिन: नाही ना. म्हणून तर. या गरुडानं जन्मभर नागाचं पोर सांभाळलं, आणि एकदा चोच लावली नाही हो.