हंसाच्या चोचीतली चांदणी

(वाचनालयाच्या गच्चीवरून खाली उतरणारा जिना. दोघी जावा मधल्या पायरीवर थांबल्या आहेत. वर दुर्बिणीपाशी लोकांची रांग आहे.)

थोरली: अगं, पण झालं काय? पाऊण तास रांगेत उभ्या राहिलो, दुर्बिणीला डोळा लावलास आणि विंचू चावल्यासारखी जिना उतरायला लागलीस!

धाकटी: काही नाही. घरी चल, ताई.

थोरली: अजून शनी दाखवणार आहेत म्हणे. कडंवाला.

धाकटी: तू बघ. मी खाली थांबते.

थोरली: वीस वर्षं एका घरात नांदतोय आपण. तुझं 'काही नाही' मला चांगलं कळतं. बोल.

धाकटी: तुला किती दिसल्या?

थोरली: काय किती?

धाकटी: चांदण्या. आत.

थोरली: एक. सांगितलं की त्या दुर्बीणवाल्यांना. तूही एकच म्हणालीस.

धाकटी: मी खोटं बोलले. मला दोन दिसल्या.

थोरली: मग बरंच झालं की! एक जास्तीची पदरात पडली.

धाकटी: हसू नको ना. माझ्या आईचं असंच सुरू झालं होतं. आधी दिवे दोन-दोन दिसायला लागले. कुणाला बोलली नाही. वर्षभरात सुईत दोरा ओवता येईना, आणि त्यानंतर तिला माझं तोंडही दिसलं नाही. हाताने चाचपून ओळखायची.

थोरली: अगं बाई. म्हणून तू शाळेच्या बँडचे कोट शिवायला नको म्हणालीस?

धाकटी: महिनाभर काजं वाकडी जातायत. चाळीस कोट, ताई. एकेका कोटाला सहा काजं. पोरांना वाकडे कोट घालायला लावू? मला वाटत होतं थकवा असेल. आज खात्री पटली. डोळे गेले तर मी काय करू गं? मला दुसरं काही येत नाही. आणि आलं तरी ते करावंसं वाटणार नाही.

थोरली: रडू नको. थांब. मला तुला एक सांगायचंय...

दुर्बीणवाले: ही कापडी पिशवी तुमच्यापैकी कुणाची? कठड्यावर राहिली होती.

थोरली: आमचीच. बरे आलात! तुमच्या त्या दुर्बिणीत चांदण्या किती आहेत हो?

दुर्बीणवाले: ते मी आधी सांगत नाही. सांगितलं की सगळ्यांना तेवढ्याच दिसतात. ज्याने त्याने आपल्या डोळ्यांनी बघावं. सगळ्यांनी बघून झालं की शेवटी...

थोरली: तुमची परीक्षा ठेवा बाजूला. इथे माणूस रडतंय.

दुर्बीणवाले: अरे! काय झालं, बाई?

धाकटी: मी मघाशी एक म्हणाले, पण मला दोन दिसल्या. ताई एक म्हणाल्या तेव्हा तुम्ही 'बरं' म्हणालात. म्हटलं, आपल्याच डोळ्यात खोट आहे.

दुर्बीणवाले: मी सगळ्यांनाच 'बरं' म्हणतो. कुणाला लाजवायचं नाही म्हणून. कशा होत्या दोन्ही? सारख्या?

धाकटी: नाही. एक मोठी, पिवळी. पितळी बटणासारखी. तिला लागून एक बारीक. निळी.

दुर्बीणवाले: निळी म्हणजे?

धाकटी: आस्मानी रिळाचा दोरा असतो ना, तसली.

दुर्बीणवाले: बाई, तिथे दोनच आहेत. हंस नावाचा तारकासमूह आहे, त्या हंसाच्या चोचीतली चांदणी ती. नुसत्या डोळ्यांना एक दिसते, दुर्बिणीत दोन होतात. डोळ्यात खोट असती तर एकीच्याच दोन दिसल्या असत्या, एकाच रंगाच्या. डोळा काही दुसरीला वेगळा रंग देत बसत नाही.

धाकटी: खरंच दोन आहेत?

दुर्बीणवाले: मी काय खिशातून टाकली का दुसरी? संध्याकाळपासून इतकी माणसं आली, निळ्याची छटा सांगणाऱ्या तुम्ही पहिल्याच.

थोरली: ऐकलंस? सुटले बाई!

धाकटी: पण मग काजं का वाकडी जातात?

दुर्बीणवाले: सुईत दोरा ओवताना हात जवळ घेता की लांब?

धाकटी: लांब. अगदी ताठ करावा लागतो.

दुर्बीणवाले: वय?

धाकटी: त्रेचाळीस.

दुर्बीणवाले: चष्म्याच्या दुकानात काचा घासण्यात माझी तीस वर्षं गेली. मी डॉक्टर नव्हे, तेव्हा उद्याच डोळे तपासून घ्या, आणि घरात कुणाला त्रास झाला असेल तर तेही सांगा. पण मला विचाराल तर तुम्हाला चाळिशी लागलीय. सगळ्यांना लागते. मला आहे, यांनाही असेल.

थोरली: मला काही नाही हं लागलेली!

दुर्बीणवाले: तुम्हाला तर चांदणीही एकच दिसली.

थोरली: तेच सांगत होते मघाशी. मला एकही दिसली नाही. कुठला डोळा मिटायचा ते कळेना, मी दोन्ही मिटले. मागे रांग, पोरं खिदळतायत. तुम्ही 'किती' म्हणालात, मी आपलं ठोकून दिलं, एक!

धाकटी: ताई! तुझ्या त्या एकापायी माझा जीव जायची वेळ आली होती!

थोरली: मला काय ठाऊक, माझ्या थापेवर तू आपले डोळे मोजशील?

दुर्बीणवाले: मी दुर्बीण तिच्यावरच ठेवतो. शनी थांबेल दहा मिनिटं. या दोघी.

थोरली: भला माणूस आहे. नाक पूस आधी. आणि हे बघ, आज मी दोनदा खोटं बोलले.

धाकटी: आता आणखी काय?

थोरली: कोटांचं कापड शाळेत परत दिलं म्हणाले ना सकाळी? नाही दिलं. माझ्या पलंगाखाली आहे. गठ्ठा माझ्या हातात दिलास खरा, पण तुझी बोटं काही सुटेनात. म्हटलं, दोन दिवस थांबून बघू.

धाकटी: बटणं? तीही तिथेच आहेत?

थोरली: सगळी. रागावलीस?

धाकटी: चल वर. आणि या खेपेला एकच डोळा मीट.