वाडीचा अंगारा, ताशी तीनशे

निशिकांत : तीनशे.

उल्का : काय तीनशे?

निशिकांत : किलोमीटर. ताशी. अनीशनं डब्यातल्या पडद्याचा फोटो पाठवलाय. आत्ता ह्या क्षणी आपला मुलगा ताशी तीनशेनं चाललाय, आणि बाहेर वाळवंट आहे. वाळू उडते, उल्का. रुळांवर येते.

उल्का : मग झाडत असतील.

निशिकांत : कोण? आख्खं वाळवंट कोण झाडतं?

उल्का : सिंगापूरच्या ह्या ईस्ट कोस्टच्या बागेत कोण झाडतं ते तरी कधी दिसलंय का तुला? पण पान दिसत नाही खाली. कुणीतरी झाडतंच. तू शहाळं पी. घरात फेऱ्या घालून फरशी झिजवत होतास म्हणून तुला समुद्रावर आणलं, तर इथेही तेच.

निशिकांत : उंट पण आहेत.

उल्का : गाडीत?

निशिकांत : बाहेर. म्हणजे दोन्ही बाजूंना कुंपण आहे, मी वाचलं. पण मी आयुष्य कम्प्लायन्समध्ये काढलंय. कुंपण नुसतं असून चालत नाही, समोरच्याची नियम पाळायची इच्छा लागते. उंटाच्या चेहऱ्यावर तुला ती कधी दिसली आहे?

उल्का : निशी, माणसं उमराला जातात, यात्रेला. मदिनेहून गाडीत बसतात, मक्केला उतरतात. पूर्वी ह्याच वाटेनं उंटांवरून जायची, कितीतरी दिवस.

निशिकांत : उंटावरून तीनशेच्या वेगानं कुणी पडलेलं नाही.

उल्का : शाहिरा बरोबर आहे, त्याची बायको. सासरे इस्माईलभाई बरोबर आहेत, आणि त्यांचा हा तिसरा उमरा. नकाशावरचा त्याचा निळा ठिपका बघत बसू नकोस, हा फोटो बघ. काय छान दिसतोय.

निशिकांत : दोन पांढऱ्या पंच्यांत. मुंजीत धोतर नेसवताना ह्यानं कार्यालय डोक्यावर घेतलं होतं. शेवटी भटजी म्हणाले, राहू द्या, हाफ पँटवर लावू. आणि आता न शिवलेली दोन वस्त्रं, कशी चापूनचोपून.

उल्का : सोवळ्यासारखंच आहे की.

निशिकांत : नियम सोवळ्याहून कडक. शाहिराला मी सगळे विचारून घेतले. एकदा एहराम नेसला की नखं कापायची नाहीत, केस कापायचे नाहीत, अत्तर नाही. साबणसुद्धा बिनवासाचा.

उल्का : वास चालत नाही?

निशिकांत : नाही.

उल्का : कुठलाच?

निशिकांत : तू का विचारतेस?

उल्का : कापराचा?

निशिकांत : उल्का.

उल्का : अगदी थोडा.

निशिकांत : उल्का, काय केलंस?

उल्का : वाडीचा अंगारा. पुडी. त्याच्या बॅगेत ठेवली.

निशिकांत : बॅगेत कुठे?

उल्का : अस्तराच्या आत. वर दोन टाके घातलेत, पडू नये म्हणून.

निशिकांत : शिवलीस. आत शिवलीस. स्टेशनावर बॅगा मशिनीतून जातात. तिथल्या माणसाला पडद्यावर पुडी दिसणार. अस्तराच्या आत, शिवलेली. तो विचारणार, हे काय? अनीश म्हणणार, माहीत नाही. जगात असं म्हणणारा प्रत्येक माणूस खोटं बोलत असतो, आणि हा एकटाच खरं बोलत असणार.

उल्का : राख आहे रे. राखेला कोण पकडतं?

निशिकांत : करडी भुकटी आहे. ती राख आहे हे तुला माहीत. आणि ती कशाची राख, हे समजावून सांगायची वेळ त्याच्यावर येणार कुठे, तर मक्केच्या स्टेशनावर. पुडी कशाची बांधलीस?

उल्का : जुन्या कॅलेंडरचा कागद होता.

निशिकांत : म्हणजे वर संकष्टीचा चंद्रोदय छापलेला असणार. सव्वीस वर्षं ह्या देशात आहे मी. गाडीत पाणी प्यायला दंड आहे म्हणून एमआरटीत तहान लागली तर पुढच्या स्टेशनात उतरून, बाहेर जाऊन पाणी प्यायलोय. आणि माझ्या घरात हे चाललंय.

उल्का : चांगी विमानतळावर बॅग मशिनीतून गेली. तिकडे उतरताना गेली. मदिनेत गाडीत चढतानाही गेली असेल. काही झालं नाही ना?

निशिकांत : म्हणजे ते अजून व्हायचंय.

उल्का : असं बोलू नकोस.

निशिकांत : दोन वर्षांपूर्वी त्यानं शाहिरासाठी धर्म बदलला, तेव्हा मी चार महिने बोललो नाही त्याच्याशी. तेव्हा तूच मला ह्याच बाकावर बसवून सांगितलंस, की आता त्याच्यामागे आपल्या देवांचं लावायचं नाही. तू सांगितलंस.

उल्का : देवांचं कुठे लावलं? पुडी लावली. पुडी धर्मात येत नाही. पुडी प्रवासात येते.

निशिकांत : हे त्या मशिनीवरच्या माणसाला सांग.

उल्का : सहावीत पीएसएलईच्या परीक्षेला होती त्याच्या कंपासपेटीत. एनएसला टेकाँगच्या जंगलात पाठवला तेव्हा बुटाच्या आत होती.

निशिकांत : तू सिंगापूरच्या सैन्यात अंगारा घुसवलास?

उल्का : एका बुटात. तुझ्या लॅपटॉपच्या बॅगेत पण आहे.

निशिकांत : कुणाच्या?

उल्का : तुझ्या. चेनच्या कप्प्यामागे. रोज ऑफिसला हार्बरफ्रंटला नेतोस. तीनदा दुबईला नेलीस. आलास ना नीट?

निशिकांत : मी दुबईला कम्प्लायन्सवर भाषण द्यायला गेलो होतो.

उल्का : चांगलं झालं म्हणालास ना भाषण?

निशिकांत : मला जरा गरगरतंय.

उल्का : आणि तू काही कमी नाहीस. त्याला खजूर दिलेस. मदिनेला निघालेल्या माणसाला, गेलांगच्या बाजारातून, चांगले तीन डबे. तुझ्याशिवाय हे कुणाला सुचलं असतं?

निशिकांत : वाटेत भूक लागली तर?

उल्का : खजुराच्या गावात?

निशिकांत : विषय बदलू नकोस. जेद्दा मागे पडलं. आता एकदम मक्का. त्याला फोन करून सांगू, पुडी काढ आणि गाडीतल्या कचऱ्यात टाक.

उल्का : कचऱ्यात?

निशिकांत : मग कुठे?

उल्का : तो सासऱ्यांच्या शेजारी बसलाय, निशी. त्यांच्यासमोर अस्तर उसवणार का? मला पोलिसांची भीती नाही वाटत. खरं सांगते, मला इस्माईलभाईंची वाटते. पुडी निघाली तर ते काही बोलणार नाहीत. भला माणूस आहे. फक्त एकदा अनीशकडे बघतील. आयुष्यातला सगळ्यात मोठा दिवस समजून त्याला घेऊन चाललेत, आणि बॅगेत हे. त्यांना वाटेल, ह्याच्या आईला अजून वाटतंय की पोरगा परत येणार.

निशिकांत : वाटतं का तुला?

उल्का : मला तो सुखरूप यायला हवा. कुठल्याही कपड्यांत.

निशिकांत : आणि तो म्हणाला तर, की आई, तू माझ्यावर विश्वास ठेवलाच नाहीस?

उल्का : तेच तर. मला नाही बोलता येणार त्याच्याशी.

निशिकांत : मी लावतो फोन. मी बोलतो. तू मध्ये पडू नकोस.

(फोन स्पीकरवर. पलीकडे गाडीचा संथ, एकसारखा आवाज. त्याच्या मागे एका सुरात म्हणणारी खूप माणसं.)

अनीश : हॅलो. बाबा? काय झालं? कोणी गेलं का?

निशिकांत : नाही. अजून नाही. नीट ऐक. सासरे शेजारी आहेत?

अनीश : हो.

निशिकांत : मग ऊठ आणि लांब जा. गाडीतल्या गाडीत.

अनीश : ओके. दारापाशी आलो. टॉयलेटच्या लाइनमध्ये आहे. बोला.

निशिकांत : तुझ्या बॅगेत आजोबा आहेत.

अनीश : काय?

निशिकांत : वाडीचे आजोबा. पुडीभर. आईनं आत शिवलेत.

अनीश : बाबा, आजोबांना जाऊन आठ वर्षं झाली. त्यांना आपण नाशिकला… बाबा, आजोबांच्या अस्थी माझ्या बॅगेत आहेत?

उल्का : दे तो फोन इकडे. अनीश, अंगारा रे. वाडीचा अंगारा. डब्यात कुणाला कळू नये म्हणून तुझे बाबा सांकेतिक बोलतायत.

अनीश : इथे कुणाला मराठी येणार, आई? माझ्यापुढे एक कझाकस्तानचे काका आहेत, मागे नायजेरियाच्या तीन मावश्या.

निशिकांत : म्हणून बेसावध राहायचं नसतं.

उल्का : अनीश, मी चुकले. मी तुला विचारायला हवं होतं. पण राहवलं नाही रे, सवयीनं…

अनीश : आई, स्लो डाउन लाह. तो अंगारा इथे नाहीये.

उल्का : नाहीये म्हणजे?

अनीश : चांगीलाच सापडला. बाबांच्या खजुरांमुळे वजन जास्त भरलं, मग काउंटरसमोर बॅग उघडून बसलो. अस्तरात हाताला लागला. तुझे टाके ओळखतो मी. बुटातसुद्धा तसेच होते, दोन्ही वर्षं टोचायचे.

निशिकांत : टाकलास?

अनीश : टाकायला गेलो. डस्टबिनशी उभा राहिलो, हातातून सुटेना. बरोबर पण नेता येईना. तसाच उभा. तेवढ्यात शाहिराची आई आली. गुडघ्यामुळे तिला येता येत नव्हतं, पण पोचवायला आली होती ना. मी म्हटलं, माझ्या आईनं दिलंय. तिनं काय आहे ते विचारलंच नाही. हात पुढे केला, रुमालात बांधून पर्समध्ये ठेवलं. म्हणाली, आईची वस्तू आहे, आलास की घेऊन जा.

निशिकांत : सुटलो. रोकियाताई म्हणजे सोन्यासारखी बाई आहे. उल्का, ऐकलंस? सुटलो.

उल्का : म्हणजे तुझ्याजवळ काहीच नाही.

अनीश : काही नाही. सो नो प्रॉब्लेम.

उल्का : ताशी तीनशेनं चाललायस, आणि जवळ काहीच नाही.

निशिकांत : अगं, आत्ता तूच…

उल्का : तू गप्प बस. अनीश, बाहेर उंट दिसतात का रे?

अनीश : मघाशी एक होता. कुंपणापलीकडे. त्यानं आमच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

निशिकांत : तेच म्हणत होतो मी.

अनीश : आई.

उल्का : काय रे?

अनीश : मला भीती वाटतेय.

उल्का : बसून घे. वेगाकडे लक्ष देऊ नकोस.

अनीश : वेग कळतच नाही. बाटलीतलं पाणी पण हलत नाही. पोचायची भीती वाटतेय. ऐकू येतंय ना, सगळे म्हणतायत ते? आलो, तू बोलावलंस, मी आलो. शाहिराचे अबाह रडतायत. शाहिराला तर गाडी सुटल्यापासून रडू आवरत नाहीये. हे कझाकस्तानचे काका लाइनमध्ये उभे राहून रडतायत. मी सगळं पाठ केलंय, एक शब्द चुकत नाही. आणि आत काहीच होत नाहीये. उतरल्यावर पण असंच राहिलं तर? मग मी नुसता लग्नासाठी आलोय असं होईल. अबाहना कळेल.

निशिकांत : अनीश, हे बघ, बेटा, मी काय म्हणतो…

उल्का : थांब रे जरा. अनीश, मी वाडीला पहिल्यांदा गेले ना, तेव्हा आजूबाजूला बायका ढसाढसा रडत होत्या. माझ्या मनात काय होतं, माहितेय? चपला. नव्या होत्या, बाहेर काढल्या होत्या. आरती संपेपर्यंत मी फक्त चपलांचा धावा करत होते.

अनीश : सिरियसली?

उल्का : आजपर्यंत तुझ्या बाबांनाही सांगितलं नव्हतं.

अनीश : मग?

उल्का : मग काय? होत्या जागेवर. नंतर घाटावर पाण्यात पाय सोडून बसले, कुणी बघत नव्हतं, तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. का आलं ते अजून कळलेलं नाही. तू जा. सगळे चालतील तसा चाल. येईल तेव्हा येईल. नाही आलं तर चपला सांभाळ. कुणी तिथे मोजत बसलेलं नसतं.

अनीश : तुला राग नाही ना आला? मी ती इथे आणली नाही म्हणून?

उल्का : तू ती टाकली नाहीस.

निशिकांत : काही खाल्लंस का?

अनीश : खजूर खाल्ले. तुमचे. अबाहनी पण दोन घेतले.

निशिकांत : काय म्हणाले?

अनीश : काही नाही म्हणाले. पण दोन घेतले. बाबा, गाडी स्लो होतेय. शाहिरा बोलावतेय. जातो.

उल्का : जातो म्हणू नये.

अनीश : येतो, आई.

निशिकांत : ठेवला त्यानं. ठिपका बघ. हलतोय. अजून हलतोय. थांबला.

उल्का : नक्की थांबला?

निशिकांत : थांबला. पोचले. इकडे दे ते शहाळं.

उल्का : तूच पिऊन टाक आणि ऊठ. बेडोकला जायचंय. रोकियाताईंकडे.

निशिकांत : पुडी आणायला?

उल्का : पुडी राहू दे तिच्याचकडे. दुखरा गुडघा घेऊन एकटी बसली असेल, फोन हातात धरून.

निशिकांत : तिला कसली काळजी? तिला सगळं ठाऊक आहे तिथलं. नियम, गाडी, सगळं.

उल्का : आपला एक होता गाडीत, तर तू इथे बसून उंटांचे चेहरे वाचलेस. तिचे किती होते?

निशिकांत : दोन. इस्माईलभाई आणि शाहिरा.

उल्का : तीन, निशी. चल.