लुगड्याआडचं आभाळ

—नवस केला होता बाई मी, म्हणून हे लुगडं हितं मोटारीच्या छताला ताणलंय, हौस म्हणून न्हाय — अगं अगं, वरनं हात लावू नको! दाबू नको! सगळी काच हाय त्याच्यात. मला तुझं तोंड दिसत न्हाय, लुगड्यातनं सावली तेवढी दिसती. उसाच्या गाडीवरची ना तू? भरलेल्या गाडीवर चढून वाकलीयस व्हय, म्हणून इतक्या वरनं आवाज येतोय. मला वाटलं, बोराईआईच बोलली. हळू बोल पण. मांडीवर लेकरू हाय. निजलंय. ते जागं झालं की हातपाय झाडतंय, नि कुंचीवर, गालाच्या खाली, सगळीकडं काचेचं खडं हायेत, खडीसाखरेसारखं — ते मूठ भरून तोंडात घालील बघ. म्हणून मी बोलतीय. माझा आवाज ऐकत निजतंय ते. थांबले की चाळवतंय.

दार उघड म्हणतीस? उघडत न्हाय. आमच्या ह्यांनी चारी दारं किल्ली फिरवून लावलीत नि किल्ली त्यांच्याजवळ. म्हणले, रस्त्यानं उसाची माणसं येत्यात-जात्यात, गाडी उघडी ठेवायची सोय न्हाय — न्हाय गं, तुला न्हाय म्हणत, त्यांची आपली बोलायची पद्धत. काच खाली घ्यावी तर ती बटनावर, नि बटन किल्लीवर. आणि हे मागचं दार तर एरवीबी आतनं उघडत न्हाय. लहान पोरांसाठी एक खिट्टी असती म्हणं दाराच्या कडंला, ती ह्यांनी माझ्यासाठी लावून घेतली. का? मागं एकदा नीरेच्या पुलावरनं जाताना नदीत पैसा टाकायचा होता मला. नदी ओलांडताना हात तसाच ठेवायचा का? हे काय गाडी थांबवंनात. मग मी दारच उघडलं, चालत्या गाडीचं. झालं. तवापासनं मी आपली मागं बसती नि उतरायच्या वेळी वाट बघती, कोन दार उघडतंय त्याची. सवय झाली. गावात बाया म्हणत्यात, कुशाबाईचा थाट बघा, मालक स्वतः दार उघडून धरत्यात.

कसं फुटलं? तेच तर कळत न्हाय बाई. ना दगड आला, ना पाखरू आदळलं. कऱ्हाटीहून सकाळी निघालो, बारामती मागं टाकली, लोणी देवकरच्या पुढं बोराईआई हाय आमची, तितं चाललो होतो. पुढं हे नि छकुली, माझी लेक. मागं मी नि लेकरू. ही टपावरची काच ह्यांनी पुण्याला बसवून घेतली, चांगलं पत्र्याचं छत कापून. काळी काच, आतनं आभाळ दिसायचं. म्हणायचे, विमानात बसल्यासारखं वाटतंय. कधी बसलेत विमानात! तर कॅसेट चालू, छकुली आपली बाहेर बघत, नि एकाएकी डोक्यावर बार झाला, सुतळीबाँब फुटावा तसा. ह्यांनी करकचून ब्रेक मारला. पुढच्या बाजूनं लुगड्याची कड सुटली नि छकुलीच्या अंगावर काच सांडली, भुवईच्या वर लागलं, रक्त डोळ्यात उतरलं. बाकीची सगळी ह्या लुगड्यानं झेलली. झोळीसारखं लोंबायला लागलं बघ, बरोबर लेकराच्या तोंडावर. मी हात वर लावला. तो तसाच हाय अजून. खाली घेतला तर मागच्या पिना सुटतील नि सगळं लेकराच्या अंगावर. ह्यांनी एक दुधाचा टेंपो थांबवला नि छकुलीला ओढतच नेली इंदापूरला, डॉक्टरकडं. ती जाईना. "माझं लेकरू द्या," म्हणून वरडत होती. मी म्हणलं, लेकराला उघड्यावर काढायचं न्हाय, तू जा, डोळ्याचं काम हाय, मी हलत न्हाय. न्हाय हलले.

आता लुगडं कशाला म्हणतीस तर ऐक. छकुलीची दोन गेली बाई, पोटातच. तिसऱ्या वेळेला मी आईपुढं पदर पसरला. म्हणलं, हे जगू दे, तुझ्या पायरीवर आणून ठेवीन, नि तवर ह्याच्या डोळ्याला आभाळ दिसू देणार न्हाय. पहिलं आभाळ तुझ्या दारातलं. असं निघून गेलं तोंडातनं. आणि आईनं ऐकलं. आखाडात झाली, चांगली टपोरी. व्हय, पोरगी हाय. मी कुठं पोरगा मागितला होता? जगणारं मागितलं होतं.

तर तवापासनं पाळतीय. दवाखान्यातनं घरी आणलं ते छत्रीखाली, वर घोंगडी. डोस पाजायला नर्सबाईलाच घरी बोलवायचं. माजघरात पाळणा, खिडकीला पडदा. छकुली पण आतच, अंगावर पाजती ना, तिला कशी सोडायची? ती म्हणायची, आई, अंगणात तरी बसू दे, अंधारून आलंय मला. मी म्हणायची, थोडं दिवस कळ काढ. आधी पावसाळा होता, रस्ता चिखलाचा. मग नवरात्रात तितं गर्दी, लेकराला सोसली नसती. मग दिवाळी झाली की जाऊ म्हणलं, तर हे ऊस घालवायच्या गडबडीत. मग थंडी. कारण काय, निघतंच की. जावई दोनदा आले न्यायला. चांगला हाय पोरगा, रावजी नाव, इंदापुरातच असतोय. त्याला सांगितलं, नवस फेडल्याबिगर कसं नेता? देवीचं हाय. तो बिचारा दारातल्या बाजंवर बसून चहा पिऊन गेला. दुसऱ्या खेपंला लेकराला झुंबर घेऊन आला होता, खुळखुळ वाजणारं. त्याला आत— म्हणजे आत यायला कोन नको म्हणत होतं, पण दार उघडलं की उजेड येतोय ना. मी झुंबर घेतलं नि पाळण्याला बांधलं. आजसुदीक तो देवळातच येणार हाय. पायरीवर लेकरू ठेवायचं नि तितनंच छकुली नि ते त्याच्याबरोबर… आता ती दोघं गेली की माजघर कसं…

काय म्हणालीस? रडत न्हाय मी. हात अवघडलाय, त्याचं पाणी येतंय डोळ्याला.

तर लुगडं म्हणजे — ह्यांच्या गाडीला वरनं आभाळ दिसायचं, मग नवस कसा राहायचा? म्हणून मी माझं लुगडं काढलं, छकुलीच्या बारशात नेसलेलं, नि सेफ्टी पिना लावून वरच्या कापडाला चहूबाजूंनी टाचलं. हे चिडले. म्हणले, हौसेनं काच बसवली नि तू तिला लुगडं नेसवतीस. छकुली हसली. किती दिवसांनी हसली. आणि बघ, त्याच लुगड्यानं वाचवलं ना? तूच सांग. आईनंच काच फोडली नि आईनंच झेलली, दुसरं काय? तिला काही सांगायचं असंल. मी मघापासनं तेच हुडकतीय.

हां — चाळवतंय. चू चू… झोप माझी राणी… न्हाय, निजली. एक पीन वाकलीय बाई. मघाशी न्हाय वाकली होती. तू काहीतरी कर. तुझ्या मालकाला म्हण, बैलं जराशी पुढं घे, म्हंजे तुझा हात पुरंल. हां… बस बस. आता सुटलेली कड वर उचल, हळू, गाठोड्यासारखं धर. काच मधी घसरतीय का? घसरू दे. मी खालनं हात लावलाय. मागच्या पिना? त्या न्हाईत निघायच्या तुझ्या हाताला, मीच पक्क्या दाबून बसवल्यात. माझा एक हात वर नि एक लेकराखाली.

कोयता? लेकराच्या डोक्यावर कोयता घेतीस? अगं… थांब. थांब जरा. धार मला कळती, सगळा दिवस उसाच्या बुडाला चालवतीस, तुझा हात चुकायचा न्हाय. ते न्हाय. लुगडं काढलं की आभाळ दिसंल तिला, ते म्हणतीय मी. इतकं दिवस पाळलं. देऊळ आता हाकंच्या अंतरावर हाय. तू असं कर, तुझा पदर आडवा धर नि मग काप — एका हातात गाठोडं, एका हातात कोयता, पदर कुठनं धरशील. खुळ्यावानी बोलतीय मी. हे येऊ देत का? पीन धरंल का तवर? तूच बघ वरनं. न्हाय?

तुला लेकरू हाय का गं? कुठाय? हितंच? उसावर? तुझ्या शेजारी, उघड्यावर? तरीच मघापासनं काहीतरी बोबडं ऐकू येतंय, मी म्हणलं चिमण्या असतील. टोपडं तरी हाय का डोक्याला? कुठं जन्मलं — कोपीवरच, पाचटाच्या झोपडीत? आणि ते काय करतंय आता? वर बघून हसतंय?

…काप.

काप म्हणलं ना. मी तिच्यावर वाकती, माझ्या पाठीवर सांडली तर सांडू दे. एकदाच ओढ. आई बोराई, माझं ऐकलंस, आता हिच्या हाताकडं बघ—

…

निघालं? सगळं? एक खडा मानेत गेला, जाऊ दे. केवढा उजेड. डोळं उघडंनात माझं. तूच का ती? किती लहान हाईस गं तू, मला वाटलं थोराड असशील. आणि हे तुझं लेकरू, कडंवर. बघ, माझी जागी झाली. रडंल आता — न्हाय. बघतीय. हात हलवू नको गं बाळा, थांब, गालावरचं येचती… तोंड उघडंच राहिलंय तिचं. तुझ्याकडं न्हाय बघत. तुझ्या मागं बघतीय. इतकं निळं कधी बघितलंय तिनं? छकुली असायला पाहिजे होती. हे छकुलीनं बघायचं होतं.

माझा हात बघ, अजून वरच हाय. खाली घ्यायचं सुचलंच न्हाय.

ती इंदापूरकडनं धूळ उडवत जीप येतीय, ह्यांनीच आणली असणार. छकुलीच्या डोक्याला पट्टी हाय का बघ. हाय? पुढं बसलीय? बरोबर कोन हाय, रावजी हाय का? असू दे. बरंच झालं. लेकरू मी न्हाय ठेवायची पायरीवर. छकुलीच्या हातात देईन, ती ठेवंल नि तिच्या घरी जाईल, नि मी माघारी हाक मारायची न्हाय. हा नवस माझा, हितंच बोलले, तुझ्यासमोर. ते गाठोडं चरात टाक, बैलांच्या पायात नको. आता जा, गाडी हाका, हे आले की बोलतील काहीतरी, माणूस वाईट न्हाय पण बोलतील. पाणीसुदीक न्हाय विचारलं तुला. जा. आणि हे बघ — बैल हलायच्या आत तूबी एक नवस बोल, माझ्यासारखाच. मागायचा न्हाय. हातातलं सोडायचा.